मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्यांना आणि कडक भाकरी करणाऱ्या ताई-मावशींना खुले पत्र

प्रति,
मंगळवेढा, सांगोला, मोहोळ, बार्शी भागात ज्वारी पिकवणारे शेतकरी दादा, आणि सोलापूर शहर-जिल्ह्यात कडक भाकरीचा धंदा करणाऱ्या सगळ्या ताई-मावशी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते. माहेर मंगळवेढा तालुक्यातलं, कोरडवाहू काळ्या रानाचं. तुमच्याकडे एक मागणं घेऊन आले आहे. गव्हाचा कणही लागलेला नाही अशी ज्वारी आणि अशी कडक भाकरी आपल्या जिल्ह्यात तयार व्हावी, आणि तिचा पहिला वाटा अल्जीरिया देशातल्या तिंदूफ गावाजवळच्या निर्वासित छावण्यांतल्या लेकरांना जावा. इतकी लांबची गोष्ट तुमच्या दारात का आणली, ते नीट सांगायचं तर सुरुवात माझ्याच घरापासून करावी लागेल.

माझी लेक अडीच वर्षांची झाली आणि तिचं वजन वाढायचं थांबलं. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. दिवसातून चार-पाच वेळा जुलाब. शहरातल्या एका दवाखान्यात आम्ही जवळजवळ दोन वर्षं खेटे घातले. कधी जंताचं औषध, कधी टॉनिक, कधी नुसतं ‘पोट नाजूक आहे, वाढत्या वयात ठीक होईल’. मी आपली आईपणाने तिला ताकद यावी म्हणून रोज सकाळी गव्हाचं सत्त्व करून घालायची. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, तूप-साखर घालून शिजवायचं. ती नको म्हणायची, तोंड फिरवायची, तरी मी भरवायची. पुढे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताची तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, आणि नाव कळलं: सीलिअॅक. गव्हातलं ग्लूटेन नावाचं जे चिकट प्रथिन असतं, ज्याच्यामुळे कणीक ताणली जाते, ते पोटात गेलं की या मुलांचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी जी बारीक लव असते, तिच्यातून अन्न रक्तात शोषलं जातं. ती लव झडून जाते. मग कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. जी आई रोज प्रेमाने सत्त्व भरवते, ती रोज विष भरवत असते. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

या आजाराला गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू, सातू आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक परदेशी धान्य) ही तीन धान्यं जन्मभर बंद, एवढाच इलाज. डॉक्टरीणबाईंनी यादी दिली तेव्हा मी रडत होते. माझ्या आईने यादी वाचून घेतली आणि म्हणाली, ‘ज्वारी नाही ना यात? मग रडतीस कशाला?’ चार महिन्यांत लेकीचं पोट उतरलं, वर्षाच्या आत तिने तीन किलो वजन धरलं. आज ती पंधरा वर्षांची आहे. तिला वाढवलं ते आपल्या मालदांडी ज्वारीने. म्हणून हे पत्र आधी तुम्हाला.

आता तिंदूफबद्दल.

मी आठेक वर्षांपासून पळते. पार्क मैदानावर पहाटे पळणाऱ्यांपैकी काही जण मला ओळखत असतील. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी सहारा मॅरेथॉनला गेले. ही शर्यत २००१पासून तिथल्या निर्वासित छावण्यांमध्येच भरते. पळणारे जगभरातून येतात आणि छावणीतल्या कुटुंबांच्या घरी राहतात, कारण तिथे हॉटेल नाही. मी दहा किलोमीटर पळले. त्या पळण्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. वारा समोरून होता आणि तोंडात खडीसारखी वाळू येत होती, एवढंच.

तिंदूफ हे अल्जीरियाच्या पार नैर्ऋत्य कोपऱ्यातलं गाव. राजधानी अल्जिअर्सपासून सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटर. विमान मध्यरात्री उतरतं, विमानतळावर सैनिक, आणि तिथून बाहेरच्या माणसांच्या गाड्या पोलिसांच्या सोबतीने रांगेत छावण्यांकडे जातात. मला वाटलं होतं की वाळवंट म्हणजे चित्रातल्यासारख्या सोनेरी टेकड्या. सकाळी दार उघडलं तर समोर सपाट, करडं, दगडगोट्यांचं मैदान, नजर जाईल तिथपर्यंत. त्याला ते ‘हमादा’ म्हणतात. आपल्याकडचा माळही उजाड दिसतो, पण मृग बरसला की त्याच्यावर कुसळ तरी उगवतं. इथे झाड नाही, सावली नाही. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो आणि हिवाळ्याच्या रात्री दोन गोधड्या पुरत नाहीत. या जमिनीत कुणी काही पिकवून खाईल अशी आशाच करू नये.

आणि इथे माणसं पन्नास वर्षांपासून राहतात.

ती आहेत पश्चिम सहारा या प्रदेशातली सहरावी माणसं. त्यांचा मुलूख अटलांटिक समुद्राच्या काठाचा, आधी स्पेनच्या ताब्यात. १९७५-७६मध्ये स्पेन निघून गेला आणि मोरोक्को व मॉरिटानियाचं सैन्य आत शिरलं. पोलिसारिओ ही तिथली संघटना लढायला उभी राहिली, आणि बाया-पोरं, म्हातारीकोतारी वाळवंट तुडवत अल्जीरियाच्या हद्दीत आली. मॉरिटानिया १९७९मध्ये बाजूला झाला, मोरोक्कोशी लढाई चालूच राहिली. १९९१मध्ये संयुक्त राष्ट्रांनी युद्धविराम घडवला. सार्वमत घेऊ, लोकच ठरवतील, असं ठरलं होतं. ते सार्वमत आजपर्यंत झालेलं नाही, आणि २०२०च्या नोव्हेंबरमध्ये युद्धविरामही मोडला. आपल्या भारताने १९८५मध्ये सहरावींनी जाहीर केलेल्या प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि २०००मध्ये ती काढून घेतली. यातलं बरोबर काय, चूक काय, हे देशादेशांनी ठरवावं. मी त्या वादात पडायला हे पत्र लिहीत नाही.

छावण्या पाच. त्यांना नावं दिली आहेत ती मागे सुटलेल्या गावांचीच: स्मारा, अल-अयून, औसर्द, बुज्दूर, दाखला. पुरुष लढाईवर होते त्या काळात छावण्या उभ्या केल्या त्या बायांनी. विटा पाडल्या, शाळा चालवल्या, शिधा वाटला. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८च्या अंदाजाप्रमाणे तिथे १,७३,००० च्या वर माणसं आहेत. रोजगार जवळजवळ नाही. पोट भरतं ते संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या शिध्यावर. महिन्याला साधारण १ लाख ३३ हजार जणांचा शिधा येतो, आणि जगात कुठे नवं युद्ध पेटलं, देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, की त्यात कपात होते. पाणी टँकरने येतं आणि प्रत्येक घरापुढच्या टाकीत ओतलं जातं. पुढची खेप कधी, हे कुणी सांगू शकत नाही. सोलापूरकरणीला हे नवं नव्हतं. उजनी उशाला असून आपण नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणार म्हणून पिंप भरून ठेवतो. माझ्या यजमानीणबाईंनी तांब्याभर पाण्यात हात-तोंड धुऊन दाखवलं, मी त्याच तांब्यात पायही धुऊन दाखवले, आणि दोघी हसलो. आमची ओळख तिथून सुरू झाली.

त्यांच्या घरी मी पाच रात्री राहिले. एक मातीच्या विटांची खोली, तिला लागून एक तंबू. बाई माझ्याच वयाच्या. अंगावर मेल्हफा, म्हणजे एकच लांबलचक तलम वस्त्र, अंगाभोवती फिरवून डोक्यावरून घेतलेलं. पदर सावरण्याची ढब अगदी आमच्या आजीची. दिवसातून तीन-चार वेळा चहा व्हायचा. छोट्या निखाऱ्यावर किटली, हिरवा चहा, आणि एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत, ओतत फेस काढायचा. प्रत्येकाला तीन पेले. पहिला आयुष्यासारखा कडू, दुसरा प्रेमासारखा गोड, तिसरा मरणासारखा सौम्य, असं ते म्हणतात. तिन्ही घेतल्याशिवाय उठायचं नाही.

त्या घरात चार मुलं. धाकटी मुलगी नऊ वर्षांची, दिसायला सहा वर्षांची. पहिल्या रात्री सगळे एका परातीभोवती बसलो, गव्हाच्या रव्याचा कुसकुस, वर उंटाचं मटण आणि गाजरं. ती मुलगी परातीपासून हातभर लांब बसली होती. तिच्यापुढे एका वाटीत नुसता भात. मटणाचा एक तुकडा आईने तिच्या वाटीत ठेवला, पण आधी तो पाण्याने धुतला. दोनदा धुतला. पाण्याचा एवढा दुष्काळ असलेल्या घरात मटणाचा तुकडा धुताना पाहिला आणि माझ्या पोटात धस्स झालं. मी तिच्या पोटाकडे पाहिलं, मनगटांकडे पाहिलं. मला सांगायची गरजच उरली नाही.

आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांची हसानिया अरबी, थोडी स्पॅनिश. माझी मराठी, थोडी इंग्रजी. मी मुलीकडे बोट केलं, स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, ‘सीलिअॅक?’ बाई थबकल्या. मग म्हणाल्या, ‘सेलिआका.’ मी फोनमधला लेकीचा फोटो काढला, आधीचा, काड्यांसारख्या हातांचा. मग आत्ताचा. बाईंनी फोन हातातून घेतला आणि कितीतरी वेळ एकदा हा फोटो, एकदा तो फोटो असं करत राहिल्या.

माझ्या सामानात कडक भाकरी होत्या. मी कुठेही गेले तरी नेते, लेकीच्या संगतीने मलाही तीच सवय लागली आहे. दहा-दहाची दोन पाकिटं, आणि शेंगाची चटणी. मी एक भाकरी काढली. बाईंनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, कडेचा तुकडा मोडला, बोटांत चुरला, हुंगला. ‘त्रीगो?’ मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून, ‘त्रीगो?’ शेजारच्या घरातला इंग्रजी जाणणारा एक शिक्षक बोलावला गेला. त्याने सांगितलं, त्रीगो म्हणजे गहू. आणि हेही सांगितलं की मागे कुणी पाहुण्याने गहू नाही म्हणून बिस्किटं दिली होती आणि पोर आठवडाभर आजारी पडली होती, म्हणून बाई असं विचारतात, वाईट वाटून घेऊ नका. मला वाईट कसलं वाटणार? तीच बाई मी दहा वर्षांपूर्वी होते, प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसात.

मग मी माहेरच्या रानाचा फोटो दाखवला. पुरुषभर उंच ताटं, टपोरी कणसं, मध्ये माझा भाऊ. घरातली म्हातारी आजी तोवर कोपऱ्यात माळ ओढत बसली होती. ती पुढे सरकली, फोन डोळ्यांशी नेला आणि भडाभडा बोलायला लागली. शिक्षकाने अर्थ सांगितला: ती लहान असताना, छावणीच्या आधी, दक्षिणेकडून उंटांवर असं धान्य यायचं. तिने ते ओळखलं होतं. आजीने हो म्हटल्यावर आईने हो म्हटलं.

भाकरीचे तुकडे वाटीत मोडले, वर शेळीचं दूध ओतलं. मुलीने पहिला घास खाल्ला, थांबली, आईकडे पाहिलं. मग वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन वर यायच्या आत, ती माझ्या अंथरुणाशी येऊन बसली होती. काही बोलली नाही. वाटी घेऊन आली होती.

माझ्याकडच्या भाकरी तिसऱ्या दिवशी संपल्या.

ही एका घरची गोष्ट असती तर मी आपल्या कुवतीप्रमाणे पार्सल पाठवत राहिले असते. पण ती एका घरची नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी छावण्यांतल्या जवळजवळ हजार सहरावी मुलांची तपासणी केली होती आणि १९९९मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती छापून आली. शंभरातल्या ५.६ मुलांना सीलिअॅक. युरोपात हे प्रमाण साधारण शंभरात एक धरतात. इतकं मोठं प्रमाण जगात दुसरीकडे क्वचितच सापडलं आहे. एक तर त्यांच्या रक्तातच या आजाराकडे झुकणारे गुण जास्त. दुसरं म्हणजे ही मूळची भटकी, उंट-शेळ्या पाळणारी माणसं. उंटाचं दूध, मांस, खजूर हा त्यांचा आहार. गहू पोटभर असा ताटात आला तो आधी परक्या राजवटीत आणि मग छावणीच्या शिध्यातून. आज शिध्याचा कणा गव्हाचं पीठ आहे. तांदूळ असतो, पण थोडा. सीलिअॅक मुलांसाठी ग्लूटेन नसलेलं पीठ युरोपातल्या संस्था पाठवतात. बाई म्हणाल्या, कधी येतं, कधी दोन-दोन महिने येत नाही. न आलेल्या महिन्यात त्या माउलीने काय करायचं? मुलीला उपाशी ठेवायचं की गहू घालायचा? त्यातून तिथल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. सीलिअॅक पोराच्या अंगात तर लोह नीट शोषलंही जात नाही.

म्हणून मी तुमच्याकडे वळले. या मुलांना चालेल असं धान्य जगात इतरही आहे. मका आहे, तांदूळ आहे. पण कोरड्या हवेत महिनोन् महिने टिकणारी, शिजवायला पाणी न लागणारी, सरपण न लागणारी, दुधात किंवा नुसत्या चहात मोडून खाता येणारी तयार भाकर कुणाकडे आहे? ती आपल्याकडेच आहे. तुमच्या चुलीवर, तव्यावरून उतरवून कडेला उभी करून वाळवलेली. जिथे पाणी मोजून मिळतं तिथे भात शिजवण्यापेक्षा ही भाकर सोयीची, हे मी पाच दिवस डोळ्यांनी पाहिलं.

पीठ मात्र पाठवून चालणार नाही. तुम्हाला मी काय सांगायचं, ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापता येत नाही, वास मारायला लागतो. बोटीने दीड-दोन महिने प्रवास म्हटला की पीठ गेलंच. पाठवायची ती कडक भाकरी, आणि सोबत अख्खी ज्वारी, तिकडे दळायला.

आता खरी अडचण. आपली ज्वारी गहूविरहित आहे, पण आपली गिरणी नाही. गल्लीतल्या चक्कीत आधी कुणाचे तरी गहू दळले जातात आणि त्याच दगडावर लगेच आपली ज्वारी पडते. पहिल्या किलोत तर दिसायलाच कणीक येते. आपल्या घरात त्याने काही बिघडत नाही. सीलिअॅक मुलाचं बिघडतं. ज्या मालावर ‘ग्लूटेनविरहित’ असं छापायचं त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही तीच मर्यादा आहे. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतल्या मिठाचे मोजके खडे. सुरुवातीची तीन वर्षं मी लेकीची ज्वारी घरच्या जात्यावर दळली, हाताला घट्टे पडले, मग वेगळी लहान घरघंटी घेतली. घरात हे जमतं, धंद्यात असं जमणार नाही.

गव्हाचा अंश फक्त गिरणीत मिसळतो असंही नाही. पोती तपासा: ज्या पोत्यात मागच्या साली गहू होता त्यात ज्वारी भरली तर दाणे राहतात. मळणीयंत्र गावभर फिरतं, गव्हाच्या खळ्यावरून ज्वारीच्या खळ्यावर येतं. आणि ताईंनो, परात, तवा, चिमटा. ज्या परातीत सकाळी पोळ्यांची कणीक मळली तिच्यात दुपारी भाकरीचं पीठ मळायचं नाही, घासलेली असली तरी. भाकरी थापताना कुणी कुणी खाली गव्हाचं पीठ भुरभुरतात, ती सवय सोडावी लागेल. एका बचत गटाने एक खोली ठरवावी, त्या खोलीत गहू शिरणारच नाही, चहासोबतचं बिस्कीटसुद्धा नाही. मी येऊन सगळं दाखवीन, शिकवीन. प्रयोगशाळेच्या पहिल्या तपासणीचा खर्च मी देते.

यात तुमचं नुकसान व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. माझा भाऊ ज्वारी करतो, म्हणून हिशेब मला ठाऊक आहे. रब्बीची ज्वारी काळ्या रानातल्या ओलीवर येते, पाणी मागत नाही, पण काढणीला माणूस मिळत नाही. उपटून काढायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, आणि भाव म्हणाल तर कडब्याने तारलं म्हणून तारलं. पाण्याची जरा सोय झाली की रान उसाकडे जातं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे वर्ष आपल्याच देशाच्या प्रस्तावावरून जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. सोलापुरात रब्बी ज्वारीचं संशोधन करणारं केंद्र आहे. एवढं असून तपासणी झालेली, खात्रीची ग्लूटेनविरहित मंगळवेढा ज्वारी मला स्वतःला बाजारात मिळत नाही. गव्हाच्या मुलखात, पंजाब-दिल्लीकडे, सीलिअॅकची मुलं पुष्कळ आहेत आणि त्यांचे आईबाप असं पीठ दामदुप्पट मोजून घेतात. दान तिंदूफला करा, विक्री दिल्लीला करा. एक वेगळी गिरणी दोन्ही कामं करील.

सरकारी मदत कशी जाते त्याचाही मार्ग आहे. अफगाणिस्तानला आपल्या देशाने ५०,००० टन गहू दिला, तो जागतिक अन्न कार्यक्रमामार्फतच वाटला गेला. मी पाच-दहा टनांचं बोलते आहे. माल शुद्ध आणि तपासलेला असला, मागे एखादी शेतकरी कंपनी आणि जिल्हा प्रशासन उभं राहिलं, तर दिल्लीला विचारायला आपल्याकडे तोंड असेल. मालच नसेल तर मी कुणाच्या दारात काय घेऊन जाऊ?

‘आपलीच पोरं कुपोषित आहेत, तिकडचं काय घेऊन बसलात?’ असं मला दोघा-तिघांनी विचारलं आहे. प्रश्न रागाचा नाही, खरा आहे. माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात, गेल्या तीन वर्षांत दोन मुलं मला संशयित वाटली. त्यांच्या पालकांना मी तपासणीला धाडलं, एकाला सीलिअॅक निघाला. त्या मुलाची आई मोलकरीण आहे. दुकानातलं परदेशी ग्लूटेनविरहित पीठ तिला परवडत नाही, आणि चक्कीतली ज्वारी तिच्या पोराला बाधते. तिंदूफसाठी गिरणी उभी राहिली तर पहिलं पीठ त्या पोराच्या घरी जाईल. दोन्ही लेकरं एकाच रांगेत उभी आहेत.

आणि मंगळवेढ्याच्या माणसाला मी परक्या भुकेबद्दल वेगळं काय सांगू? बीदरच्या बादशहाचा अंमल होता, दुष्काळ पडला होता, माणसं झाडपाला खात होती. दामाजीपंत मंगळवेढ्याचे कारभारी. सरकारी कोठारं भरलेली, आणि हुकूम नव्हता. पंतांनी कोठारं उघडली. कोण कुठल्या गावचा, कोण कुठल्या जातीचा, पंढरपूरचा की आणखी लांबचा, हे दारात विचारलं नाही. बादशहाने पकडून आणायला माणसं पाठवली, आणि विठूने महाराचं रूप घेऊन धान्याची रक्कम बीदरला नेऊन भरली, ही कथा आपल्याकडे कीर्तनात ऐकत आपण मोठे झालो. माझी आई दरवर्षी ज्वारीची रास झाली की खळ्यावरची पहिली पाटी बाजूला काढते, दामाजीची म्हणून. आजवर ती पाटी दारात येणाऱ्याला जात आली.

निघायच्या दिवशी त्या बाईंनी मला जुनी भाकरीची पाकिटं परत दाखवली. रिकामी. धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेली. पाकिटावर ज्वारीच्या कणसाचं चित्र होतं. शिक्षकाला मध्ये घेऊन त्या म्हणाल्या, पुढे कुणी बाहेरून काही आणलं तर हे चित्र दाखवून विचारीन, हेच आहे का. मी त्यांना शब्द दिला की पाठवीन. तेव्हापासून तीन पार्सलं केली. एक पोचलं, पाच महिन्यांनी. दोनांचा पत्ता नाही.

यंदाच्या सुगीची दोन पोती मालदांडी मी भावाच्या रानातून बाजूला काढून घेतली आहे. मळणी यंत्राने न करता हाताने, बडवून केली, म्हणजे गव्हाचा दाणा यायचा प्रश्न नाही. पोती नवी कोरी, आत कडुनिंबाचा पाला. भाकरी करायला बाळीवेशीतल्या दोघी मावश्या तयार आहेत, त्यांनी वेगळी परात आणि तवा घेतलासुद्धा. अडलं आहे ते दळणाशी. घरघंटीवर दोन पोती होत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या गावात बंद पडलेली दगडी चक्की असेल, आणि तिच्यावर पुन्हा कधीच गहू घालणार नाही असं मालक म्हणत असेल, तर मला कळवा. दगड काढून, घासून, छिन्नीने नव्याने टाकी लावून घ्यायचा खर्च माझा. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी मी मोकळी असते. मंगळवेढा असो, मोहोळ असो, बार्शी असो, पोती घेऊन मी स्वतः येते.

तुमची,
एक शिक्षिका आणि एका सीलिअॅक मुलीची आई
सोलापूर